अळणी जेवणाचं दीड वर्ष

माझा डावा हात पापडाच्या पिठात होता. तो मला दिसत होता, पण जाणवत नव्हता.

चैत्र सरत आला होता. आमच्या अंगणात शेजारच्या सात-आठ बायका पोळपाट घेऊन बसल्या होत्या आणि मी उडदाच्या पिठाला तेलाचा हात लावून गोळा मळत होते. बोटं हलेनात म्हणून मी उजव्या हाताने डावा हात उचलला, तर दुसऱ्याच कुणाचा उचलावा तसा तो जड लागला. शोभाला, माझ्या मुलीला, पाणी आण म्हणायला गेले. तोंडातून निघालं ते शब्द नव्हते. बायका हसल्या. त्यांना वाटलं, मी पापडाची लाटी तोंडात टाकली आहे.

माझ्या सासूबाईंनी तेवढं नीट पाहिलं. मी त्यांना आत्याबाई म्हणत असे.

"तोंड काहून वाकडं करून रायली व?" त्या म्हणाल्या. मग त्यांचा आवाज बदलला. "शोभे, पळ. बापाले बलाव."

तेव्हा घाबरलात का, असं मला नंतर पुष्कळांनी विचारलं. नाही घाबरले. मी पिठाकडे पाहत होते, आणि झाकून ठेवलं नाही तर हे वाळेल, एवढंच माझ्या मनात होतं.

*

माझं नाव कुसुम. माहेर अमरावतीचं. वडील शाळामास्तर होते, म्हणून मी सातवीपर्यंत शिकले. लग्न होऊन मी तेल्हाऱ्याच्या खाली, पूर्णेच्या खोऱ्यातल्या एका लहान गावात आले. काळी जमीन, कापूस, ज्वारी, आणि घरात आत्याबाई, आम्ही दोघं आणि शोभा. महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. मी अडतीस वर्षांची होते आणि ब्लडप्रेशर हा शब्द मी वकील आणि सावकार यांच्या दुखण्याचा समजत होते.

ह्यांनी, म्हणजे शोभाच्या वडिलांनी, बैलांची बंडी जुंपली. तेल्हाऱ्याच्या डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधून फुगवला, सोडला, पुन्हा फुगवला. आकडा त्यांनी मला सांगितला नाही. ते ह्यांच्याशी बोलले. मी बाकड्यावर पडून त्या दोघांकडे पाहत होते, आणि विकायला आणलेल्या जनावराबद्दल बोलावं तसं त्यांचं चाललं आहे, असं मला वाटलं. वाईट वाटलं असं नाही. नुसतं दिसलं.

डॉक्टर म्हणाले, मोठ्या दवाखान्यात न्या. अकोला जवळ होतं, पण अमरावतीला माझा भाऊ होता. म्हणून दुसऱ्या दिवशी एसटीने आधी अकोला आणि तिथून अमरावती. तोवर बोलणं बरंचसं परत आलं होतं. हात मात्र मांडीवर ठेवला की तिथेच राही.

*

सरकारी दवाखान्यात मी अठरा दिवस होते. पहाटे आया फरशी पुसायला येई, फिनेलचा वास आणि तिच्या बांगड्यांचा आवाज. मग थर्मामीटर. मग पट्टा. दिवसातून तीनदा पट्टा. तो आवळला गेला की बोटांत ठोके लागत, उजव्या हातात लागत तसे डाव्यात लागत नसत. मोठे डॉक्टर दहाला येत. आकडा कळावा असं मला वाटे, पण विचारायची छाती होत नसे. चौथ्या दिवशी त्यांनीच खुर्ची ओढली.

"बाई, तुमचं प्रेशर दोनशेच्या वर होतं. डोक्यातली एक बारीक नस थोडा वेळ बंद पडली. हात सुधारेल. पुन्हा होऊ नये हे आपल्या हातात आहे. काही गोळ्यांच्या हातात, काही तुमच्या."

"मी काय करू?"

"मीठ सोडा."

मला वाटलं, एवढंच? एवढ्यासाठी हा माणूस इतका शिकला?

गोळ्या सर्पगंधाच्या होत्या. दिवसाला चार. त्यांच्याविषयी पुढे सांगायचंच आहे.

दुपारी जेवण आलं. गुरगुट्या भात, वरण, दुधी. पहिला घास मी गिळला आणि दुसरा तोंडातच राहिला. अळणी जेवण म्हणजे कमी चवीचं जेवण असं ज्यांनी खाल्लं नाही त्यांना वाटतं. मला तरी ते जेवणच वाटलं नाही. ओलं काहीतरी तोंडात आहे आणि ते गिळायचं आहे. शेजारच्या खाटेवरची म्हातारी लोणच्याची फोड चोखत होती. मी भिंतीकडे तोंड केलं.

*

बुधवारी आणि शनिवारी वॉर्डच्या व्हरांड्यात एक बाई येत. प्रमिलाताई. नागपूरला गृहविज्ञान शिकलेल्या, पांढरं सुती पातळ, हातात कापडी पिशवी आणि पिशवीत स्टोव्ह. रोग्यांना आणि रोग्यांचं रांधणाऱ्यांना त्या समोर बसवत. बहुतेक पुरुष रोग्यांच्या बायका असत. बायकांपैकी स्वतः रोगी आणि स्वतःच रांधणारी अशी त्या दिवशी मी एकटी होते.

त्यांनी माझ्या वहिनीला, भावाच्या बायकोला, विचारलं, "ह्या दिवसाला मीठ किती खातात?"

वहिनी म्हणाली, "आपण खातो तेवढंच."

"तेवढंच म्हणजे किती ते हातावर घेऊन दाखवा."

वहिनीने चिमूट दाखवली. प्रमिलाताईंनी पुडीतून मीठ काढून परातीत ढिगल्या करायला घेतल्या. भाकरीच्या पिठातलं. वरणातलं. भाजीतलं. ठेच्यातलं. लोणच्याच्या फोडीतलं. पापडातलं, आणि पापडखार वेगळा. ताकात घातलेलं. ताटात डाव्या बाजूला वाढलेलं. ढिगल्या एकत्र केल्या तेव्हा ओंजळीचा तळ भरला.

मग त्यांनी दोन वाट्यांत वरण घेतलं. एकात मीठ. दुसऱ्यात मीठ नाही, लसणाची फोडणी, जिरं, कोथिंबीर, वरून लिंबू. दुसरं मला दिलं. ते चांगलं होतं असं म्हणवत नाही, पण ते जेवण होतं.

"जिभेला सवय लागायला दीड-दोन महिने जातात," त्या म्हणाल्या. "तेवढे दिवस ती भांडते. भांडू द्यायचं. जवसाची चटणी करा, तीळ घाला, आंबाडी घाला, चिंच घाला, हिरवी मिरची घाला. मीठ घालू नका. आणि हे घरातल्या सगळ्यांसमोर सांगा. चोरून पथ्य होत नाही."

दवाखान्यातून सुटल्यावर मी महिनाभर भावाकडे राहिले. वहिनी माझं वरण आधी काढून घेई आणि मग बाकीच्यांच्या वरणात मीठ टाकी. त्यासाठी तिला वेगळं काही करावं लागलं नाही, आणि तिने तसं कधी दाखवलंही नाही. महिन्याने प्रेशर इतकं उतरलं की डॉक्टर पट्टा सोडून हसले. हातात कप धरता येऊ लागला. मला गावी पाठवलं.

*

गावी आले तेव्हा पेरण्या तोंडावर आल्या होत्या. आत्याबाईंनी भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, माझा हात दाबून पाहिला, आणि रात्री जेवताना मला कळलं की घर मला मधल्या काळात विसरलं नव्हतं, पण माझ्या पथ्यासाठी तयारही नव्हतं.

"तुयासाठी वेगळं?" आत्याबाई म्हणाल्या. "माणसाले पथ्य असते त बाई करते. बाईले पथ्य असलं त कोण करीन?"

त्या दुष्टपणाने बोलल्या नाहीत. त्यांना खरंच प्रश्न पडला होता. आमच्याकडे पुरुष आजारी पडला की चुलीवर दुसरं पातेलं चढतं. बाई आजारी पडली की ती उठेपर्यंत सगळे वाट पाहतात.

शोभा म्हणाली, "मी करीन."

ती गावच्या शाळेतून सातवी झाली होती. जूनपासून तेल्हाऱ्याच्या हायस्कुलात जायची होती. फ्रॉक शिवून ठेवले होते. माझा डावा हात अजून भाकरी थापण्याजोगा नव्हता आणि आत्याबाईंना चुलीपाशी फार वेळ बसवत नसे. ह्यांनी एका संध्याकाळी मला विचारलं, "मंग कसं करावं? पोरगी शाळेत गेली त घराचं कोण पायीन?"

मी म्हटलं, "नका पाठवू."

असं मी म्हटलं. ज्या मास्तरांनी मला सातवीपर्यंत शिकवलं त्यांची मी मुलगी. शोभा दाराआड उभी होती, तिने ते ऐकलं, आणि कोथिंबीर निवडायला आत गेली. मला काही वाटलं नाही.

त्या महिन्यांचं मला एवढंच सांगता येतं. काही वाटत नव्हतं. नाक सारखं चोंदलेलं असे. तोंड कोरडं. दुपारी मी उंबऱ्यावर बसले की ऊन सरकत पायावरून भिंतीवर जाई आणि मी तिथेच. गाय व्याली, मी पाहायला गेले नाही. अमरावतीहून भावाचं पत्र येई, ते मी वाचून कोनाड्यात ठेवी आणि काय लिहिलं होतं ते विसरे. मरणाची भीतीसुद्धा गेली. ती गेली हे चांगलं झालं असं मला वाटे. आता कळतं की ते मुळीच चांगलं नव्हतं. माझा समज असा होता की आजारातून उठलेलं माणूस असंच होतं. ह्यात गोळ्यांचा भाग असू शकतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मी कुणाला विचारलं नव्हतं.

जेवण मात्र मी अळणीच खात होते. शोभा माझी भाकरी वेगळ्या पिठाची करी, माझी भाजी आधी काढून ठेवी. दोन महिन्यांनी जिभेने भांडणं सोडलं. हे मी स्वच्छ लिहिते, कारण पुढचं समजायला ते लागेल. एक खडाही मी तोंडात टाकला नव्हता.

*

दिवाळीच्या आधी तेल्हाऱ्याला तपासायला गेलो. डॉक्टरांनी पट्टा दोनदा बांधला. ह्यांच्याकडे पाहिलं. मग पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं.

"बाई, पथ्य मोडलंत."

"नाही मोडलं."

"प्रेशर पुन्हा जवळजवळ तिथंच आहे. पथ्य न मोडता असं होत नाही."

त्यांनी गोळ्या चाराच्या पाच केल्या. परतताना बंडी ह्यांनी हाकली. गाव दिसायला लागल्यावर एवढंच म्हणाले, "सांगून खाल्लं असतं त म्या काई म्हटलं नसतं."

मला उत्तर द्यावंसं वाटलं नाही.

घरी आत्याबाईंनी ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "म्हणजे चोरून खाऊन रायली! इकडं पोरीची शाळा सुटली, अन् हे लोणचं खाऊन रायली!"

त्या दिवसापासून लोणच्याच्या बरणीच्या तोंडावरच्या फडक्यावर, दादऱ्यावर, दोऱ्याची गाठ बसली, आत्याबाईंना ओळखू येईल अशी. मिठाचं मडकं त्यांच्या खाटेखाली गेलं. आणि शोभाला काम मिळालं. मी आत गेले की ती मागे येई. भांडं उचलल्यासारखं करी, झाडू घेतल्यासारखं करी. तेरा वर्षांची मुलगी आईच्या हाताकडे पाहत उभी राही.

एकदा मी तिला विचारलं, "तुलेही वाटते काय, मी खातो म्हणून?"

ती जमिनीकडे पाहत म्हणाली, "मले काय मालूम. डॉक्टर खोटं सांगीन काय?"

एवढं झाल्यावर माणूस रडतं. मी रडायला बसलेसुद्धा, मागच्या पडवीत, पदर डोळ्यांना लावून. आलं नाही. थोड्या वेळाने उठून मी शेंगा फोडायला घेतल्या.

आणखी एक लिहिते. हळूहळू मलाच वाटायला लागलं की मी खात असेन. झोपेत, किंवा नकळत. मी माझी बोटं चाटून पाहू लागले.

*

भावाचं पत्र आलं की मोठ्या डॉक्टरांना दाखवायला या. मार्गशीर्षात ह्यांच्याबरोबर अमरावतीला गेले. प्रमिलाताईंचे वार बुधवार आणि शनिवार, म्हणून मुद्दाम बुधवार धरला, आणि मी शोभाला सांगून माझं जेवण डब्यात घेतलं. मी खाते ते हे आहे, हे कुणीतरी एकदा खाऊन पाहावं, एवढाच माझा हट्ट होता. त्या अख्ख्या वर्षात मी धरलेला तेवढाच हट्ट.

व्हरांड्यात प्रमिलाताईंनी डबा उघडला. सकाळची भाकर, वरण, वांग्याची भाजी.

"ताई, यात मीठ नाही," मी म्हटलं. "हे मानत नाहीत. डॉक्टर मानत नाहीत. माझी मुलगी मानत नाही. तुम्ही खाऊन पाहा."

ह्यांनी मान फिरवली. प्रमिलाताईंनी वरणाचं बोट चाटलं. कपाळाला आठ्या पडल्या. पुन्हा चाटलं.

"मीठ घातलंच नाही?"

"खडाही नाही."

"कुसुमताई, हे अळणी नाही."

त्याही तेच म्हणत होत्या.

भाकरीचा तुकडा कोरडा होता, त्यांना ठसका लागला. ह्यांनी माणुसकीने आमचा फिरकीचा तांब्या पुढे केला, घरून भरून आणलेला. रस्त्यात मला दुसरं पाणी बाधू नये म्हणून. प्रमिलाताईंनी घोट घेतला आणि तो गिळलाच नाही. उठून कठड्यावरून थुंकल्या.

"हे कुठलं पाणी?"

"आमच्या विहिरीचं," हे म्हणाले.

"तुम्ही हे पिता?"

"सगळा गाव पेते. आमच्याकडं पाणी खारंच राह्यते, बाई. साबनाले फेस येत नाई, डाळ शिजत नाई. पाहुणे आले त वरणासाठी दुरून गोडं पाणी आणा लागते."

"आणि ह्यांच्या वरणासाठी?"

हे माझ्याकडे पाहायला लागले.

"ह्यांची भाकर कोणत्या पाण्यात मळता? भाजी कोणत्या पाण्यात शिजवता? दिवसभर ह्या काय पितात?" प्रमिलाताईंचा आवाज चढला नव्हता, पण व्हरांड्यातल्या बायका वळून पाहू लागल्या. मग त्या स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "चूक माझी आहे. मी मिठाच्या ढिगल्या केल्या. पाणी कुठलं पिता हे मी कुणालाच विचारलं नाही."

मोठ्या डॉक्टरांनी तांब्यातलं पाणी जिभेला लावलं. भावाकडे महिनाभर प्रेशर का उतरलं आणि गावी का चढलं, ते त्यांनी कागदाच्या मागच्या बाजूला लिहून ह्यांना समजावलं. ह्या वेळी कागद त्यांनी दोघांच्या मध्ये धरला होता, मलाही दिसेल असा.

परतताना एसटीत ह्यांनी तोंड खिडकीकडे ठेवलं होतं. अकोल्याच्या स्टँडवर उतरून माझ्यासाठी संत्री आणली. सोलून एक एक फोड हातात दिली. "कुसुम," ते म्हणाले. आमच्यात बायकोला नावाने हाक मारायची रीत नव्हती. पुढची फोड त्यांनी माझ्या तळहातावर ठेवली.

*

दुसऱ्या दिवशी त्यांनी बंडी जुंपली. गोड्या पाण्याची विहीर उत्तरेला, डोंगराच्या बाजूला, तीन कोसांवर होती. तीन दिवसांआड दोन पितळी गुंड, पाण्याचे मोठे हंडे, भरून येऊ लागले. गावात हसणारे हसले. बायकोसाठी पाणी भरतो, म्हणाले. ह्यांनी ऐकून घेतलं.

शोभाने पहिल्या दिवशी गोड्या पाण्यातलं वरण माझ्यापुढे ठेवलं. डाळ लोण्यासारखी शिजली होती. ती माझ्याकडे न पाहता म्हणाली, "आई, म्या तुयावर नजर ठेवत होती."

"मालूम हाय."

"राग आला काय?"

"नाही," मी म्हटलं. तेही खरंच होतं, आणि तेच वाईट होतं.

होळीपर्यंत प्रेशर उतरलं. एकदम नाही. थोडं खाली, थोडं वर, पुन्हा खाली. पुढच्या तपासणीत मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, मन कसं आहे. आजवर हे कुणी विचारलं नव्हतं. मी सांगितलं, काही वाटत नाही, मुलीची शाळा सोडवली तेव्हाही वाटलं नाही. त्यांनी लिहिणं थांबवलं. ह्या गोळीने काही जणांचं असं होतं, हे मीच तुम्हाला आधी सांगायला हवं होतं, असं ते म्हणाले. प्रेशर उतरलं म्हणून आता कमी करता येईल. पण हळूहळू, त्यांच्या सांगण्याप्रमाणे, मनाने बंद करायच्या नाहीत. पाचाच्या तीन झाल्या, मग दोन, मग एक.

हे वाचणाऱ्या कुणाला तसं काही होत असेल तर त्याने डॉक्टरांना सांगावं. मी अख्खं वर्ष सांगितलं नाही. आजारी माणसाने तक्रार करू नये अशी माझी समजूत होती.

जे परत आलं ते आधी दुखणं म्हणून आलं. आषाढात एकदा तेल्हाऱ्याच्या शाळेत जाणाऱ्या मुली बांधावरून जाताना दिसल्या, दप्तरं डोक्यावर धरलेली. मी शोभाला हाक मारली आणि विचारलं, जातेस का, मी आता सगळं करू शकते. ती म्हणाली, "त्या पोरी पुढच्या वर्गात गेल्या. मी आता लहान्या पोट्ट्यांत बसू काय?" मी पुष्कळ सांगितलं. ह्यांनी सांगितलं. भावाने बोलावलं. ती गेली नाही. शिवणकाम चांगलं शिकली, पण ते वेगळं. ह्या आजारातलं हे एक भरून आलं नाही, आणि त्याला पथ्य नाही.

*

त्याच वर्षी दसरा झाल्यावर प्रमिलाताई आमच्या गावाला आल्या. तेल्हाऱ्याच्या डॉक्टरांना त्यांनी बरोबर आणलं होतं, पट्ट्याच्या पेटीसकट. शाळेच्या पडवीत सतरंजी टाकली. प्रमिलाताईंनी दोन तांबे ठेवले, एकात आमच्या विहिरीचं पाणी, एकात गोडं. बायकांना दोन्ही पिऊन पाहायला लावलं. कित्येकींना फरक सांगता आला नाही. जन्मभर तेच प्यालेल्या. मग त्यांनी सांगितलं, निदान ज्यांचं प्रेशर जास्त त्यांचं पिण्याचं आणि वरणाचं पाणी वेगळं ठेवा, पावसाळ्यात पत्र्यावरचं धरून ठेवा, आणि ताटातलं मीठ वाढणं बंद करा.

डॉक्टर एकेकीला तपासत होते. आत्याबाई खांबाला टेकून बसल्या होत्या. सगळ्या झाल्यावर डॉक्टर पेटी मिटायला लागले, तेव्हा त्या म्हणाल्या, "माया बी हात पाह्य."

डॉक्टरांनी पट्टा फुगवला. सोडला. पुन्हा फुगवला. तो दुसऱ्यांदा का फुगवतात ते मला ठाऊक होतं. पारा कुठे थांबतो ते मी वाकून पाहिलं. माझं होतं त्याहून जास्त होतं.

"आजी, डोकं दुखतं?"

"डोकसं? डोकसं त वीस वर्सापासून ठणकते. चुलीपाशी बसलं त डोयापुढं अंधारी येते."

"आत्याबाई," मी म्हटलं, "सांगतलं काहून नाही कधी?"

मी काही वेड्यासारखं विचारलं असावं, तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "कोणाले सांगू? इचारलं कोणं?"

त्यांच्या दंडावर पट्ट्याचा वळ उमटला होता. मी तो चोळत बसले. ज्या बाईने माझ्यासाठी बरणीला गाठ मारली होती, तिचा तो सुरकुतलेला दंड. आणि मी रडले, सगळ्यांसमोर, नाक वाहेपर्यंत. आत्याबाई घाबरल्या. "मी काई मरून नाई रायली," म्हणाल्या. "गप व. लोक पाहून रायले."

संध्याकाळी शोभाने दोन ताटं वाढली, त्यांचं आणि माझं, एकाच पातेल्यातलं. गोड्या पाण्यातलं वरण, अळणी भाकर, जवसाची चटणी. आत्याबाईंनी पहिला घास घेतला, तोंडात घोळवला, आणि माझ्याकडे पाहिलं.

"हे खाऊन रायलती तू? इतके दिवस?"

"हो."

त्यांनी घास गिळला. पुढचा घेतला. ताट पुसून खाल्लं, पाणी प्याल्या, आणि शोभाला म्हणाल्या, "उद्या आजीच्या वरणात लिंबू जास्त पिळजो. अन् तुया आईच्याही."